मीटरवाली हिलरी आणि मिसेस स्टॅदर्सची खुर्ची

हिलरी ऑक्सटबीने बावीस वर्षं लोकांच्या घरातले गॅसचे मीटर वाचले. त्यातली शेवटची पंधरा वर्षं, मधला खंड सोडला तर, ती भयकथाही लिहीत होती, पण इंग्लंडमधल्या हल शहरातल्या ज्या गल्ल्यांतून ती फिरायची तिथे तिला लेखिका म्हणून ओळखायला बराच काळ गेला. दार वाजलं की आतून "कोण?" असं यायचं, ही "मीटर" म्हणायची आणि दार उघडायचं. एका शब्दावर लोक परक्या बाईला घरात घेतात आणि थेट जिन्याखालच्या कपाटापर्यंत नेतात, याचं तिला शेवटपर्यंत नवल वाटत राहिलं.

त्या कपाटात गुडघे टेकून, टॉर्च तोंडात धरून आकडे उतरवायचे असत. घराची मालकीण मागे उभी राहून बोलत असे. हिलरीच्या लक्षात आलं होतं, की तोंडावर न सांगितलेल्या गोष्टी लोक आपल्या पाठीला सांगतात. नवरा गेल्या मार्चपासून एक शब्दही बोललेला नाही. वरच्या खोलीचं दार आम्ही उघडत नाही, पण उंदीर नाहीत हं तिथे. कपाटात जुनी बाबागाडी असायची, गमबूट असायचे, दोरीने बांधलेली एखादी पेटी असायची. हिलरी काही विचारत नसे. ती मूळची बेव्हर्लीची, वडील बस चालवायचे, घरात सगळेच अबोल. न विचारणं तिच्या अंगातच होतं.

लिहायला ती लागली ती पाय मोडल्यामुळे. एक्क्याण्णवच्या जानेवारीत एका ओल्या पायरीवरून घसरली आणि घोटा गेला. सहा आठवडे प्लास्टर. नवरा रॉय कॅरॅव्हॅन बनवायच्या कारखान्यात सुतारकाम करायचा; तो सकाळी गेला की दिवसभर ही आणि खिडकी. तिसऱ्या दिवशी तिने फेरीचे जुने कागद उलटे करून त्यांच्यावर एक गोष्ट लिहिली. एक मीटरवाली बाई दर तीन महिन्यांनी एका म्हाताऱ्याकडे जाते आणि दर वेळी त्याचं जिन्याखालचं कपाट थोडं अधिक खोल झालेलं असतं. शेवटच्या भेटीत ती गुडघ्यांवर सरकत सरकत आत जाते, मागे म्हातारा हवापाण्याबद्दल बोलत असतो आणि त्याचा आवाज लांब लांब जात असतो. बस, एवढंच.

रॉयने ती पॅटी आणि चिप्स खाता खाता वाचली. ताट बाजूला सारलं, पुन्हा एकदा वाचली.

"यात काही घडतच नाही," तो म्हणाला.

"नाही घडत," हिलरी म्हणाली.

त्याने ताटं धुतली, टेबल पुसलं. मग त्याला जिन्याखालून व्हॅक्यूम क्लीनर काढायचा होता. तो कपाटाच्या दारापाशी थोडा घुटमळला आणि कुबड्यांवर उभ्या असलेल्या बायकोला म्हणाला, "तू जरा इथे येऊन उभी राहतेस का?"

आपल्याला हे जमतंय, हे हिलरीला त्या संध्याकाळी कळलं. पुढे लोकांनी तिच्या लिहिण्याबद्दल बरंच लिहिलं. तिच्या गोष्टींत रात्र जवळजवळ नसतेच, सगळं दुपारी चारच्या सुमाराला, चहाची किटली चढवलेली असताना घडतं. रक्त नसतं, भूत दिसत नाही. रोजच्या वस्तूंपैकी एखादीच जागेवरून हललेली असते आणि तेवढ्याने वाचणारा मागे वळून बघायला लागतो. तिला विचारलं तर ती म्हणायची, मी दुपारीच घराघरांतून जायचे, मला रात्रीचं काय ठाऊक.

पुढची पाच वर्षं ती मासिकांतून कथा लिहीत राहिली. गल्लीतल्यांना वाटे, असलं लिहिणारी बाई काळे कपडे घालून मेणबत्त्या लावून बसत असेल. ही तर विणलेलं जॅकेट घालून बसथांब्यावर उभी. चिप्सच्या दुकानातली ग्लोरिया तिला मुद्दाम सगळ्यांसमोर म्हणायची, "आमच्या कढईत काही सापडलं तर आधी मला सांग, बये. मग लिही." हिलरीही हसायची.

तिच्या फेरीत हेस्सल रोडच्या बाजूला मिसेस विनिफ्रेड स्टॅदर्स यांचं घर होतं. त्या भागातले बहुतेक पुरुष एके काळी मासेमारीच्या ट्रॉलरवर जायचे, तीन तीन आठवडे उत्तरेच्या बर्फाळ समुद्रात. मिसेस स्टॅदर्सचा एकुलता एक मुलगा माल्कम एकोणिसाव्या वर्षी असाच गेला आणि एकाहत्तरच्या हिवाळ्यात लाटेबरोबर डेकवरून वाहून गेला. शरीर मिळालं नाही. तेव्हापासून त्या रोज दुपारच्या चहाला टेबलावर दोन ताटल्या मांडत. माल्कमच्या ताटलीला निळी कड होती आणि एका जागी टवका उडालेला होता. त्याची खुर्ची खिडकीकडे तोंड करून असे.

हिलरी पहिल्यांदा त्या घरात शिरली, तेव्हा मिसेस स्टॅदर्स खुर्चीकडे वळून सहज म्हणाल्या, "मीटरवाली आलीय रे, माल्कम. पाय घे जरा आत." हिलरीला काय करावं कळेना. मग तिने खुर्चीकडे बघून मान लववली आणि "नमस्कार" म्हणून ती कपाटाकडे गेली. म्हातारीचा चेहरा असा खुलला की त्यानंतर दर तीन महिन्यांनी हिलरी तसंच करत राहिली. निघताना तिला चहा आणि आल्याचा केक मिळायचा. अशी आठ-नऊ वर्षं गेली.

मग हिलरीने कादंबरी लिहिली. 'दुसरी ताटली' असं तिचं नाव. एक म्हातारी वारलेल्या मुलासाठी रोज ताटली मांडते. हळूहळू ताटलीतलं अन्न संपायला लागतं. मग त्या खुर्चीत कुणीतरी बसलंच पाहिजे म्हणून म्हातारी घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांना चहाला थांबवून घ्यायला लागते. म्हातारीचं नाव वेगळं होतं, गाव वेगळं होतं. पण निळ्या कडेची ताटली तीच होती, तिचा टवका तोच होता आणि "पाय घे जरा आत" हे वाक्यही तेच होतं. लिहिताना हिलरीला त्यात काही वावगं वाटलं नाही. खरं सांगायचं तर तिला तेव्हा काहीच वाटत नव्हतं. पानं भराभर होत होती आणि ती आनंदात होती.

लंडनच्या एका प्रकाशनसंस्थेतल्या संपादक इमोजेन फॅरंट यांनी हस्तलिखित एकाच बैठकीत वाचून संपवलं आणि फोन करून सांगितलं, की मी आज ऑफिसात एकटीने जेवायला बसू शकले नाही. सत्याण्णवच्या शरद ऋतूत पुस्तक निघालं आणि चाललं. स्थानिक वर्तमानपत्रात फोटो आला, 'मीटरवालीची भयकथा' म्हणून. ग्लोरियाने तो कापून दुकानाच्या काचेवर चिकटवला. वाचनालयात पुस्तकासाठी नाव लावून ठेवावं लागायचं.

हल काही फार मोठं नाही आणि हेस्सल रोड तर त्याहून लहान. मिसेस स्टॅदर्सच्या शेजारणीने पुस्तक वाचलं, तिच्या बहिणीने वाचलं. कुठली ताटली, कुठली खुर्ची, हे ओळखायला कुणाला वेळ लागला नाही. कोवळी पोरं शाळेतून येताना खिडकीपाशी थांबून आत डोकवायला लागली. एकीने दुसरीला दाराकडे ढकलून विचारलं, "जातेस का चहाला?" हे हिलरीला कुणी सांगितलं नाही. तिला कळलं ते डिसेंबरात, फेरीवर गेल्यावर.

मिसेस स्टॅदर्सनी दार उघडलं. आत टेबल रिकामं होतं. त्यावर ताटली नव्हती, टेबलक्लॉथसुद्धा नव्हता. खुर्ची भिंतीला लावून ठेवली होती, तोंड भिंतीकडे. हिलरीची नजर तिकडे गेली. ती तशीच कपाटात शिरली, आकडे उतरवले, ते चुकले, पुन्हा उतरवले. बाहेर आली तेव्हा म्हातारी तिथेच उभी होती.

"वाचलं मी, पोरी," त्या म्हणाल्या. "वाचनालयातून आणलं. चांगलं लिहितेस तू. माझी झोप उडाली."

हिलरी म्हणाली, "मिसेस स्टॅदर्स, मी…"

"थांब. मला एक सांग. इतकी वर्षं येत होतीस, तुला माझी भीती वाटायची का?"

"नाही. कधीच नाही."

"मग लोकांना का वाटायला लावलीस?"

हिलरी टॉर्च खिशात घालायला लागली. म्हातारीने भिंतीकडच्या खुर्चीकडे बोट केलं.

"तू त्याला नमस्कार करायचीस," त्या म्हणाल्या. "मी काही खुळी नाही. तो तिथे नाही हे मला ठाऊक होतं आणि तुलाही ठाऊक होतं. मला वाटायचं, ही पोरगी माझ्यासाठी म्हणून करते. तू तर ताटलीचे टवके मोजत होतीस."

त्या दिवशी चहा नव्हता. हिलरी बाहेर आली आणि पुढची अकरा घरं तिने केली कशी, तिला आठवत नाही. घरी येऊन ती कोट न काढता स्वयंपाकघरात बसून राहिली. रॉयने सगळं ऐकून घेतलं आणि म्हटलं, की बाईचं चुकत नाही. त्याने तिची समजूत घातली नाही, याचं तिला पुढे बरं वाटलं.

तिने इमोजेनला फोन करून विचारलं, पुढच्या आवृत्तीत ताटली बदलता येईल का, ते एक वाक्य काढता येईल का. इमोजेन वाईट बाई नव्हती. तिने नीट ऐकलं आणि सांगितलं, की पुस्तकातली सगळ्यांत खरी गोष्ट तीच आहे, ती काढली तर उरेल काय? शिवाय आता ते घराघरांत पोचलंय. हे खरंच होतं. छापलेलं परत घेता येत नाही.

दुसऱ्या कादंबरीचा करार आधीच झाला होता. ती हिलरीने कशीबशी लिहिली. कुणाचंही घर, कुणाचीही वस्तू त्यात येऊ नये म्हणून तिने सगळं मनाने रचलं: एक पडका किल्ला, एक वेडा डॉक्टर आणि प्रकाशकांना हवं होतं म्हणून भरपूर रक्त. रॉयने ती चिप्स खाता खाता वाचली, ताटात शेवटचा तुकडासुद्धा ठेवला नाही आणि उठून एकटाच जाऊन व्हॅक्यूम क्लीनर काढून आणला. पुस्तक पडलं. लंडनहून एक सभ्य पत्र आलं, की यापुढे आपण एकत्र काम करू शकू असं वाटत नाही. हिलरीला ते वाचून हायसं वाटलं. तिने लिहिणं थांबवलं. मीटर वाचत राहिली.

मात्र एक तिने सुरू केलं. दर शनिवारी दुपारी ती मिसेस स्टॅदर्सच्या दारात जायला लागली. मीटरशिवाय. पहिल्या शनिवारी दार उघडलं नाही. दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्या खेपेला म्हातारीने साखळी न काढता फटीतून विचारलं, "आता काय मोजायचं राहिलंय?" हिलरी म्हणाली, काही आणायचं असलं तर आणून देते. फट मिटली. असं जवळजवळ चार महिने चाललं. मग एका शनिवारी फटीतून वाचनालयाचं कार्ड बाहेर आलं.

"प्रेमाची पुस्तकं आण," आतून आवाज आला. "अक्षर मोठं बघून. आणि तुझं नको."

पुस्तकं पोचवता पोचवता एके दिवशी साखळी निघाली. पुढे कधीतरी चहाही आला. हिलरीने माफी मागितली ती तेव्हा, नीट, पूर्ण वाक्यात. मिसेस स्टॅदर्सनी साखर ढवळत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "झालं ते झालं, असं मी म्हणणार नाही. पण बस." ताटली त्यांनी पुन्हा कधी मांडली नाही. हिलरीने एकदा भीत भीत सुचवलं, तेव्हा त्या म्हणाल्या, की आता मांडली तर मलाच ती तुझ्या पुस्तकातली वाटते. हिलरीला हे ऐकून घ्यावं लागलं. ते परत फिरणारं नव्हतं.

अशी सहा वर्षं शनिवार होत राहिले. एके दिवशी पुस्तकं ठेवून हिलरी निघाली होती, तेवढ्यात मिसेस स्टॅदर्स खिडकीबाहेर बघत बोलायला लागल्या. ट्रॉलरवर कुणी दगावलं, की घरी सांगायला खलाशांसाठी काम करणाऱ्या चर्चच्या मिशनचा माणूस यायचा, त्या म्हणाल्या. काळा ओव्हरकोट, हातात टोपी. तो गल्लीच्या तोंडाशी दिसला, की सगळ्या बायका आत जायच्या आणि पडद्याआड उभ्या राहायच्या. कुणाच्या दारात थांबतो ते बघायला.

"मीही उभी होते," त्या म्हणाल्या. "तो मेडफर्थांच्या दाराजवळ आला, तेव्हा मी देवाला म्हटलं, तिथेच थांबू दे. जेनी मेडफर्थच्या दारात. तिला तीन मुलं होती, दोन बोटीवर. मी म्हटलं, तिचा जाऊ दे. अगदी मनापासून म्हटलं, पोरी. तेवढ्यात तो पुढे आला."

त्यांनी पडद्याची कड सरळ केली. बाहेर कुणीतरी सायकल लोटत नेत होतं.

"हे मी कुणाला सांगितलेलं नाही. जेनी दोन दिवस माझ्याजवळ बसून होती, मला भरवत होती. तिलाही नाही. तुला भीतीचंच लिहायचंय ना? मग हे लिही. यात भूतबीत नाही, त्या बापड्या मिशनवाल्याचाही दोष नाही."

हिलरीने लगेच हो म्हटलं नाही. तिने विचारलं, तुम्ही आधी प्रत्येक पान ऐकाल का? नको वाटलं तिथे मी खोडीन. मिसेस स्टॅदर्स म्हणाल्या, शनिवारी मला दुसरं काय काम आहे.

'गल्लीतला माणूस' ही कादंबरी अशी लिहिली गेली. एक सभ्य माणूस दुपारच्या उजेडात एका गल्लीतून चालतो आणि प्रत्येक पडद्याआड एक शेजारीण त्याला दुसरीच्या दारात लोटत असते. तीनशे पानं, तो चालतच असतो. शनिवारी हिलरी आठवड्याची पानं वाचून दाखवायची आणि म्हातारी डोळे मिटून ऐकायची. मध्येच हात वर करून म्हणायची, "असं कुणी बोलत नाही." किंवा, "पडदे तेव्हा जाळीचे होते." एक अख्खं प्रकरण त्यांनी काढायला लावलं, त्यात बाईच्या रडण्याचं लांबलचक वर्णन होतं. रडायला कुणाला वेळ होता, त्या म्हणाल्या, चूल पेटलेली होती. शेवटचं पान ऐकून त्यांनी डोळे उघडले. मग म्हणाल्या, ठीक आहे, माझं नाव कुठे घालू नकोस, आणि जेनीचं तर मुळीच नको.

दोन हजार सहात मीटर वाचायचं काम दुसऱ्या कंपनीकडे गेलं आणि हिलरीची नोकरी संपली. दुसऱ्या वर्षीच्या वसंतात मिसेस स्टॅदर्स ब्याऐंशीव्या वर्षी वारल्या, दवाखान्यात, फार त्रास न होता. पुस्तक त्यांनी छापलेलं पाहिलं नाही. ते लीड्समधल्या एका नवरा-बायकोने, आपल्या सायकलच्या दुकानावरच्या खोलीतून चालणाऱ्या छोट्या प्रकाशनातर्फे, दोन हजार आठात काढलं. वर्तमानपत्रात फोटो आला नाही. ते एकाकडून दुसऱ्याकडे असं गेलं, परीक्षणं उशिरा आली, एका पारितोषिकाच्या यादीत नाव आलं आणि पारितोषिक मिळालं नाही. पण तेव्हापासून हिलरीने दुसरं काम केलं नाही. नंतरची चार पुस्तकं तिने त्याच दोघांकडे दिली. ज्या कुणाच्या आयुष्यातून काही घेतलं त्या प्रत्येकाला, जिवंत असेल तर, तिने पानं आधी वाचून दाखवली. अशा दोन जणांनी नको म्हटलं आणि त्यांच्यावरची वेगळी दोन पुस्तकं कपाटातच राहिली. रॉयने त्यांतलं एक वाचलंय. तो म्हणतो, तेच तिचं सगळ्यांत चांगलं पुस्तक आहे.

'गल्लीतला माणूस' निघाल्यावर वर्षभराने हेस्सल रोडच्या वाचनालयाने तिला बोलावलं. दुपारी तीनची वेळ. हिलरीला वाटलं होतं पाच-सहा जण येतील. चाळीस खुर्च्या भरल्या होत्या आणि त्यांत बहुतेक सत्तरीच्या पुढच्या बायका होत्या, कोट न काढलेल्या, पिशव्या मांडीवर घेतलेल्या. तिने चष्मा लावला आणि माणूस गल्लीच्या तोंडाशी येतो तो भाग वाचायला घेतला. ती दुसऱ्या पानापर्यंत पोचली होती.

तिसऱ्या रांगेतल्या एका बाईने शाळेतल्यासारखा हात वर केला. हिलरी थांबली.

"हे तुला कुणी सांगितलं?" बाईने विचारलं. आवाजात राग नव्हता.

"एका मैत्रिणीने," हिलरी म्हणाली. "नाव सांगू नकोस म्हणाली होती."

"बरोबर केलंस." बाईने मांडीवरची पिशवी सरळ केली. "मला वाटायचं, असं मी एकटीनेच मागितलं. शेजारणीच्या दारात जाऊ दे म्हणून. अडतीस वर्षं झाली."

तिच्या पलीकडे बसलेली बाई म्हणाली, "एकटी कशी असशील? तुझ्या समोरच्या घरात मी होते."

कुणीतरी दबकं हसलं, कुणीतरी रुमाल काढला. मागच्या रांगेत एक जण उभी राहिली आणि सांगू लागली, की त्यांच्या गल्लीत तो माणूस टोपी काढायचा नाही आणि म्हणून तिच्या आईने त्याला आत येऊ दिलं नव्हतं. दुसरी म्हणाली, नाही, तो वेगळा, आमच्याकडचा उंच होता, त्याला दारात वाकावं लागायचं. हिलरीने पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं आणि समोरची एक रिकामी खुर्ची ओढून ती त्यांच्यात जाऊन बसली. वाचन तिथेच राहिलं. पाच वाजता वाचनालयाच्या बाईंनी दिवे दोनदा बंद-चालू केले, पण कुणी उठलं नाही. पुढच्या रांगेतली एक अगदी लहानखुरी म्हातारी इतका वेळ काही बोलली नव्हती. तिने हिलरीच्या हातावर हात ठेवला आणि सगळ्यांचं होईस्तोवर थांबून म्हणाली, "आमच्याकडे तो मंगळवारी आला होता. मी कपडे वाळत घालत होते."

हिलरी तिच्याकडे वळून बसली आणि ऐकू लागली.